मारुतराव पेंटरांची तीट

मारुतराव पेंटरांकडे पाटी रंगवायला गेलं, की ते मजकुराचा कागद हातात घेत, चष्म्याखालून एकदा बघत आणि तसाच परत देत. म्हणत, "वाचून दाखवा."

गिऱ्हाईक गोंधळे. "अहो, स्वच्छ अक्षरात लिहिलंय की."

"दिसतंय. पर तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मग मंडईमागच्या त्या बोळात, हातगाड्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या चुकवत उभं राहून, त्या माणसाला स्वतःच्या दुकानाचं नाव मोठ्यानं वाचावं लागे. डोळ्यांना न दिसलेली चूक जिभेला बरोबर अडखळवी. मारुतराव लोणी काळभोरहून चौथी शिकून शहरात आलेले. शास्त्र असं त्यांच्याकडे एकच होतं: जे वाचता येत नाही, ते लिहायचं नाही. हा नियम पुण्यात सक्तीचा झाला असता तर निम्मी मानपत्रं लिहिली गेली नसती.

मी शाळेत मराठी शिकवत असे. ओनरशिपचा ब्लॉक घेतला तेव्हा दारावरच्या पाटीसाठी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो. कागदावर माझं नाव होतं, त्याखाली बी. ए., बी. टी., आणि त्याखाली 'मराठीचे अध्यापक'. मी ते खणखणीत आवाजात वाचलं.

मारुतराव म्हणाले, "हे कुनाला सांगायचं हाय?"

"म्हणजे?"

"घरातल्यांना म्हाईत हाय. पोस्टमनला नावाशी मतलब. ऱ्हायला चोर. त्याला मास्तरचं घर हाय हे कळलं तर तो जिन्यावरनंच परत जाईल. तेवढा फायदा हाय म्हना."

मी पदव्या गाळल्या नाहीत. त्या वयात त्या नावापेक्षा प्रिय होत्या. पाटी तयार झाली तेव्हा अक्षरं इतकी देखणी होती, की नाव दुसऱ्याच कुणाचं तरी वाटावं. पण शेवटच्या अक्षराच्या खाली, उजव्या अंगाला, मोहरीएवढा एक काळा ठिपका होता.

"हा डाग कसला?"

"डाग न्हाई, तीट हाय. लहान पोराला काजळाची लावतो, तशी. दृष्ट लागू नये."

ही त्यांची सही होती. पिठाच्या गिरणीपासून दवाखान्यापर्यंत, त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक पाटीखाली तो ठिपका असे. "पेंटर, आधी गिऱ्हाईक तर लागू द्या, मग दृष्टीचं बघू," असं एका दुकानदारानं सुनावल्याचं मला माहीत आहे. मी मात्र सुनावण्यावर थांबलो नाही. अंधश्रद्धेवर नुकतंच शाळेत व्याख्यान दिलं होतं. मी म्हणालो, "पुसून टाका."

त्यांनी चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि वाद न घालता ठिपका पुसला. एवढंच म्हणाले, "पुसली. आता तुमचं तुम्ही बघा."

त्यानंतर आमचं जमलं. कारण ते ऱ्हस्व-दीर्घ विचारायला माझ्याकडे येऊ लागले. गिऱ्हाइकानं लिहिलेलं आणि मास्तरनं सांगितलेलं यांत फरक पडला, तर मास्तरचं खरं धरायचे. एवढा मान मला शाळेतही मिळत नव्हता. एकदा एका पुढाऱ्यानं स्वतःच्याच अभिनंदनाचा फलक रंगवायला दिला. नावाआधी कार्यसम्राट, लोकनेते, गोरगरिबांचे कैवारी अशी वरात होती. मारुतरावांनी कागद परत केला. "वाचून दाखवा." पुढारी भर बोळात वाचू लागले. 'कैवारी'पाशी भाजीवाल्या बायकांतली एक फिस्सकन हसली, आणि खरं म्हणजे त्यांना स्वतःलाही हसू आलं. शेवटी फलकावर नुसतं नाव आणि 'अभिनंदन' एवढंच राहिलं. मारुतराव मला म्हणाले, "मास्तर, तुमच्यापेक्षा लवकर सुधारला तो."

त्यांच्या गाळ्याला लागून रहीमभाईंचं काचेचं दुकान होतं. खरं तर एकच गाळा, मध्ये प्लायवूडचा पडदा. अलीकडे काच कापल्याचा करकर आवाज, पलीकडे रंगाचा वास. दिवसभर ते दोघं एकमेकांना न बघता एकमेकांशी बोलत.

"मारुती, तुझा रंग वाळेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल."

"तुझी काच बसेपर्यंत घर पडंल. गप बस."

रहीमभाईंना मी कधी चिडलेलं पाहिलं नाही. बोलणं अस्सल पुण्याचं, म्हणजे गोड आवाजात तिखट. शिकले मराठी शाळेत. घरी उर्दू बोलत, पण ती लिपी त्यांना येत नव्हती. "कामातून मोकळा झालो की शिकणार," असं ते नेहमी म्हणत.

त्यांच्या दुकानाची पाटी अर्थातच मारुतरावांनी रंगवली. वर मराठीत 'रहीम काच भांडार' आणि खाली, चुलत्यांचा आग्रह म्हणून, नुसतं 'रहीम' हे नाव अरबी अक्षरांत. ते चुलत्यांनी कागदावर काढून दिलं होतं. आयुष्यात त्या एकाच वेळी मारुतरावांनी नियम मोडला. कागद परत करून 'वाचून दाखव' म्हणायची सोय नव्हती, कारण रहीमभाईंनाही ते वाचता येत नव्हतं. मारुतरावांनी अक्षरं चित्रासारखी उतरवली, डावीकडून सुरुवात करून उजवीकडे संपवली, आणि जिथं संपवलं तिथं, उजव्या टोकाला, सवयीनं तीट दिली. टोकाच्या अक्षराची शेपटी खाली उतरलेली होती, म्हणून ठिपका तिला चुकवून जरासा डावीकडे, पुढच्या अक्षराच्या खाली दिला. पाटी लागली. दोघांनी रस्त्यापलीकडून बघितली. रहीमभाई म्हणाले, "वा! वाचता आलं असतं तर अजून आवडली असती."

वीसेक वर्षं ती पाटी तिथं होती. दरम्यान फ्लेक्स आले. पुढाऱ्यांचे चेहरे दाराएवढे झाले, आणि मजकूर कुणी मोठ्यानं वाचून बघेनासं झालं हे तर दिसतंच आहे. मारुतरावांचं काम आटलं, तरी ते रोज गाळा उघडून बसत आणि पडद्यापलीकडे टोमणे मारत. मग एका हिवाळ्यात रहीमभाई छातीच्या दुखण्यानं गेले. पडद्यापलीकडून उत्तर येईनासं झालं.

दुकान त्यांच्या मुलीनं, नसीमनं सांभाळायला घेतलं. महिनाभरानं ती मारुतरावांकडे आली. मी तिथं बसलो होतो. "काका, अब्बांच्या कबरीवर दगड बसवायचाय. बरसीच्या आत. कोरणारा कोरेल, पण अक्षरं तुम्ही काढून द्या. नुसतं नाव. अरबी अक्षरांत."

मला वाटलं, मारुतराव लगेच हो म्हणतील. ते बराच वेळ ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "न्हाई जमायचं, पोरी."

"का? एकदा लिहिलंय की तुम्ही."

"लिवलं न्हाई. चित्र काढलं. दुकानाची पाटी बिघडली तर परत रंगवता येती. ह्यो दगड हाय. आन् नाव त्याचं हाय. मला वाचता येत न्हाई ते मी दगडावर न्हाई घालनार."

नसीमचा चेहरा उतरला. "मग मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ?"

"दुसऱ्याकडनं कशाला? बरसीला दहा-अकरा म्हयने हायत न्हवं? शिकतो."

मारुतराव तेव्हा सत्तरीला टेकले होते.

चार दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि पिशवीतून एक पातळ पुस्तक काढत म्हणाले, "मास्तर, कायदा आनला."

मी दचकलो. "अहो, कोर्टकचेरी कसली काढली?"

"कोर्ट न्हाई. अंकलिपी हाय ही त्यांची. हिला कायदाच म्हन्त्यात. दुकानदार म्हनला, नातवासाठी का? म्हनलं, व्हय. नातवाला कुठं सांगत बसू?" पुस्तकात मोठी अरबी अक्षरं होती आणि खाली देवनागरीत उच्चार आणि हिंदीत अर्थ.

शिकवायला कुणी नव्हतं; नसीमलाही ती लिपी येत नव्हती. लहान मुलांच्या शेजारी जाऊन बसायची त्यांना लाज वाटे, आणि विचारलं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून ते एकटेच शिकले. गाळ्याच्या शटरवर खडूनं लिहायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, परत लिहायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला 'रहीम' लिहून दाखवलं. मी तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काल तुम्ही वाहवा केली ते समदं चुकलं हुतं. डावीकडनं लिवलं, आन् अक्षरं सुटी सुटी. तुम्हाला येत न्हाई तर गप बसायचं की." चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि ते न्याय्य होतं.

पेंटरचा डोळा असल्यामुळे ते अक्षर आधी अंगकाठीनं ओळखत. म्हणत, "आपली अक्षरं दोरीवर वाळत घातल्यावानी लोंबत्यात. ही ओट्यावर बसल्यात." एकच होडी आणि तिच्या खालीवर एक, दोन, तीन ठिपके दिले की वेगवेगळी अक्षरं होतात, याचं त्यांना फार नवल वाटलं. "अंग तेच, ठिपक्यावर समदी वळख." अक्षर एकटं असताना एक रूप घेतं आणि शब्दात शिरलं की दुसरं, यानं ते दोन महिने हैराण होते. मग एक दिवस समजूत पटली. "एकटं असतं तवा पोट सोडून बसतं. रांगेत हुभं केलं की पोट आत घेतं. आपलंबी तसंच असतं की, मास्तर."

सहा अक्षरं अशी निघाली, की जी उजवीकडच्या अक्षराचा हात धरतात पण डावीकडच्याला हात देत नाहीत. पाठ होईनात तेव्हा मारुतरावांनी त्यांचं नाव ठेवलं, 'पेठेतली अक्षरं'. "आलेलं घेत्यात. पुढं काय देत न्हाईत." मी पेठेत जन्मलेला. नंतर ती सहाही त्यांना कधी चुकली नाहीत.

एकदा मी त्यांना शब्दकोश काढून दाखवला. दुकान, मालक, वकील, तारीख, कायदा, हे सगळे शब्द मुळात अरबी. मारुतराव विचारात पडले. मग खुशीत हसले. "म्हंजे जलमभर मी अरबीच रंगवत हुतो. नुसती दोरीवर वाळत घालून."

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी दाराची बेल वाजली. मारुतराव उभे होते. जिना चढून दम लागला होता, पण बसले नाहीत. कायद्याचं शेवटचं पान उघडून त्यांनी त्यावर बोट ठेवलं. तिथं प्रार्थनेच्या दोन ओळी छापल्या होत्या, एकीखाली एक.

"दोन्ही ओळींचा शेवटचा शब्द बघा. काय फरक हाय?"

मी चष्मा लावून बघितलं. लिपी येत नसली तरी एवढं दिसत होतं. "वरच्यात या अक्षराखाली एक ठिपका जास्त आहे. बाकी सारखेच."

"खालचा शब्द रहीम. दयाळू. देवाचं नाव. आता वरचा बघा. ठिपका दिला की 'ह'चा 'ज' हुतो. रजीम. अर्थ वाचा."

मी हिंदी अर्थ वाचला. ओळ सैतानापासून रक्षण मागणारी होती, आणि तो शब्द सैतानाचं विशेषण होतं. धिक्कारलेला. हाकलून दिलेला.

"चला," ते म्हणाले.

मला अजून समजलं नव्हतं. आम्ही मंडईमागच्या बोळात गेलो. मारुतराव काचेच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे उभे राहिले. वीस वर्षांपूर्वी दोघं जिथं उभे होते तिथंच. पाटीवरची अरबी अक्षरं ऊन-पावसानं फिकी झाली होती, पण उजव्या बाजूचा ठिपका नीट दिसत होता. तो दुसऱ्या अक्षराच्या बरोबर खाली होता.

"आज पहिल्यांदा वाचली म्या," मारुतराव म्हणाले. "इतके म्हयने पुस्तकातलंच गिरवत बसलो, पाटीकडं मान वर करून बघितलंच न्हवतं. ही लिपी उजवीकडनं सुरू हुती, मास्तर. मी जिथं संपवलं तिथं त्याचं नाव सुरू हुतं. दृष्ट लागू नये म्हनून ठिपका दिला, आन् वीस वर्सं त्याच्याच दुकानावर त्याला शिवी लिवून ठेवली."

त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. ते आत गेले आणि नसीमसमोर हात जोडून उभे राहिले. काय झालं ते कसंबसं सांगितलं. पुस्तकाचं पान दाखवलं. म्हणाले, "दगडाचं आता तू दुसऱ्या कुनाला सांग. मी त्याचं नाव लिवायच्या लायकीचा न्हाई."

नसीमनं हातातली काच खाली ठेवली. "काका, बसा आधी," ती म्हणाली. "अब्बांना माहीत होतं."

"काय?"

"पाटी लागली त्याच आठवड्यात अब्बांचे चुलते येऊन ओरडून गेले होते. पुसून टाक म्हणाले. अब्बा म्हणाले, तो ठिपका मारुतीनं माझ्यासाठी दिलाय. त्याला सांगितलं तर तो पाटी पुसेल आणि पुन्हा कुणाच्याच पाटीला तीट लावणार नाही."

"आन् लोकं?"

"लोक बोलायचे ना. शुक्रवारी नमाजहून येताना कुणीतरी हटकून विचारायचं. अब्बा म्हणायचे, रंगाचा थेंब उडालाय, वेळ मिळाला की पुसतो. आम्ही घरी चिडायचो. तर म्हणायचे, वरच्याला माझं नाव पाटीवरून वाचायचं नाहीये."

मारुतराव स्टुलावर बसले. प्लायवूडच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "वीस वर्सं. येवढ्याशा पडद्यापलीकडनं रोज हजार गोष्टी बोललास, आन् हे न्हाई बोललास, लेका."

नसीम म्हणाली, "राहू द्या तो ठिपका, काका. अब्बांनीच ठेवलाय."

"त्यानं ठेवला तवा मला वाचता येत न्हवतं. आता येतं."

त्यांनी शिडी मागवली. मी धरतो म्हणालो, तर म्हणाले, "घट्ट धरा, मास्तर. तुम्हाला पुसायची लई हौस." टर्पेंटाइनची चिंधी घेऊन ते वर चढले आणि ठिपका पुसला. मग बारीक ब्रशनं वरच्या मराठी ओळीच्या शेवटी, 'भांडार'मधल्या 'र'खाली, नवीन तीट दिली. खाली उतरून म्हणाले, "हिथं चालती. तिकडं ठिपक्याला अर्थ असतो."

दगडाचं काम त्यांनीच केलं. कागदावर शंभरएक वेळा नाव काढलं असेल. कोरणाऱ्याच्या शेजारी ते दोन दिवस बसून राहिले, छिन्नीनं दगडाचा टवका चुकून कुठं उडू नये म्हणून. बरसीच्या आदल्या दिवशी दगड बसला. आम्ही तिघं कबरस्तानात उभे होतो. पांढऱ्या दगडावर चार अक्षरं. पहिलं 'र' जरा सुटं, बाकीची तिघं हात धरून. 'ई'च्या खाली त्या अक्षराचे स्वतःचे दोन ठिपके, आणि 'ह'च्या खाली कोरा, गुळगुळीत दगड.

"तीट नाही दिली, काका?" नसीमनं विचारलं.

"त्याच्या नावात मुळातच दोन हायत. माझी कशाला?"

मला वाटलं, आता निघायचं. पण मारुतरावांनी टोपी सारखी केली, चष्मा पुसला, आणि शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या मुलासारखं, उजवीकडून डावीकडे बोट नेत, मोठ्यानं वाचलं, "रहीम."

त्यानंतर चौथ्या वर्षी मारुतराव गेले. जाईपर्यंत अरबीतलं त्यांना एवढंच येत होतं: अठ्ठावीस अक्षरं आणि थोडे शब्द. आपण अरबी शिकलो असं ते कुणाला कधी म्हणाले नाहीत. मी आजवर पुष्कळ विद्वान पाहिले. आपल्याला जे वाचता येत नाही ते लिहिण्याआधी थांबलेला हा एकच.

त्यांच्या तेराव्याहून घरी आलो तेव्हा दारावरची पाटी किती तरी दिवसांनी नीट बघितली. अक्षरं अजून तशीच देखणी. नातीच्या रंगपेटीतला काळा रंग घेतला आणि बारीक ब्रश. आधी नाव मोठ्यानं वाचलं. पदव्या वाचल्या नाहीत. मग शेवटच्या अक्षराखाली, उजव्या अंगाला, जिथं पूर्वी होता तिथं ठिपका दिला. मोहरीपेक्षा बराच मोठा आला.